जात्यापुढचा कॅमेरा

आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. बेलवाडीचं गोल रिंगण आता घरोघरी टीव्हीवर दिसतं. रिंगण मुळातच बघण्यासाठी असतं, त्यामुळे कॅमेऱ्याची तिथे अडचण होत नाही. अडचण होते ती त्याच निमगाव केतकीतल्या ओव्यांची. ओवी पहाटेच्या अंधारात म्हणायची, ऐकायला समोर परकं कोणी नाही, उजव्या हातात जात्याचा खुंटा, डाव्या हाताने दाणे वैरायचे. ओवीची लय जात्याच्या फेऱ्यांतून येते आणि मजकूर जिचा तिचा असतो. तो माहेरचा, भावाचा, सीतेचा, विठोबाचा, कधी बाबासाहेबांचाही. ही काही मैफल नव्हे.

गावोगावी पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. लग्नात हळद दळण्यापुरतं ते आता बाहेर निघतं. ओवी तेवढी बायकांच्या तोंडी शिल्लक राहिली. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ यांनी पुण्यातून सामाजिक कामाला सुरुवात केली, तेव्हा गाणी जमवणं हा हेतू नव्हता. डोंगरातल्या गरीब बायका स्वतःविषयी काय बोलतात, हे त्यांना समजून घ्यायचं होतं आणि ते ओव्यांत सापडलं. संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल १९९०च्या दशकात ध्वनिमुद्रणासाठी आले. आशा ओगले यांनी भाषांतर केलं, रजनी खळदकर यांनी नोंदी भरल्या आणि जितेंद्र मैड यांनी ऐकून ऐकून ओव्या उतरवून काढल्या. उतरवून काढण्याचं हे काम मला सगळ्यांत अवघड वाटतं. बोलीतला एक शब्द चुकीचा ऐकला की अख्खी ओवी हातची जाते. महाराष्ट्रातली १,१०७ गावं, ३,३०२ गाणाऱ्या आणि सुमारे १,१०,००० ओव्या एवढा हा पसारा. पॉइतवाँ २००४ मध्ये गेले. पी. साईनाथ यांच्या ‘पारी’ने, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने, २०१७ पासून हा संग्रह लोकांपुढे आणायला घेतला. त्यात इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीच्या बायकाही आहेत. ‘पारी’ची मंडळी जुन्या नोंदींवरून काहीजणींच्या घरी पुन्हा गेली, ती कॅमेरा घेऊनच.

सरकारी माहितीपटांची रीत वेगळी. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. त्याच्या कॅमेऱ्यासमोर बसणारा कलावंत बहुधा आधी नावाजलेला असे. फिल्म्स डिव्हिजननेही बुजुर्गांवर उत्तम चित्रपट केले. जब्बार पटेलांचा कुमार गंधर्वांवरचा ‘हंस अकेला’ त्यातलाच. तिथे माणूस आधीच मोठा असतो, चित्रपट त्याच्यामागे येतो. अमेरिकेत अ‍ॅलन लोमॅक्सने उलटी वाट धरली. आयुष्यभर शेतमजुरांची, कैद्यांची गाणी ध्वनिमुद्रित केल्यावर त्याने म्हातारपणी व्हिडिओ हातात घेतला आणि त्यातून सार्वजनिक टीव्हीवर ‘अमेरिकन पॅचवर्क’ ही मालिका झाली. ओव्यांचा क्रमही तोच: आधी कान, मग वही, मग ध्वनिमुद्रण आणि सगळ्यांत शेवटी कॅमेरा.

शेवटी आला म्हणून तो निर्दोष ठरत नाही. भरदिवसा, पाहुण्यांपुढे म्हटलेली ओवी थोडी तरी बदलतेच. एकटीचं बोलणं चारचौघांत आलं की आवाज सावरून लागतो, पदर सारखा होतो. काही टीकाकार याला खोटेपणा म्हणतील, मला मात्र तसं वाटत नाही. पूर्वीही जात्यावर समोर बसायला अनेकदा जाऊ नाहीतर शेजारीण असायची आणि एकीची ओवी दुसरी उचलायची. ऐकणारं माणूस ओवीला नवं नाही, अनोळखी माणूस तेवढं नवं.

या संग्रहात प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव आणि तालुका लिहिलेला असतो. ‘लोकगीत, पारंपरिक’ असा शिक्का मारून मोकळं होण्याची आपली सवय इथे चालत नाही. बारामतीत राहून मोरोपंतांनी रचलेल्या आर्यांवर त्यांचं नाव आहेच. ते १७९४ मध्ये वारले. शेजारच्या तालुक्यातल्या दळणारणीचं नाव कागदावर यायला त्यानंतर दोनशे वर्षं लागली.