मोबाइलवर वाचलेला पैसा

मलिक बेन्जेलूल या स्वीडिश दिग्दर्शकाचा ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ हा माहितीपट पूर्ण होत आला असतानाच पैसा संपला. रॉड्रिगेझ या विस्मृतीत गेलेल्या अमेरिकन गायकाचा शोध हा त्याचा विषय. काही भाग सुपर एट फिल्मवर चित्रित झाला होता. उरलेल्या मोजक्या दृश्यांसाठी फिल्म विकत घेण्याइतकी रक्कम हाती नव्हती. तेव्हा जुन्या फिल्मसारखे चित्र उमटवणारे, दोन डॉलरहूनही स्वस्त असे एक ॲप त्याने आपल्या आयफोनवर घेतले आणि काम तडीस नेले. २०१३ मध्ये या माहितीपटास ऑस्कर मिळाले.

बेन्जेलूलची ती अडचणीतली तडजोड होती. शॉन बेकर या अमेरिकन दिग्दर्शकाने मात्र मोबाइल पहिल्या दिवसापासून हिशेबात धरला. ‘टँजरिन’ (२०१५) या त्याच्या चित्रपटाचे भांडवल सुमारे एक लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने चिल्लरच. तीन आयफोन ५एस, त्यांवर बसवायची रुंद चित्रासाठीची भिंगे आणि आठ डॉलरचे फिल्मिक प्रो हे ॲप, एवढी मुख्य सामग्री. मोबाइल आपल्या मर्जीने प्रकाश आणि फोकस बदलत राहतो. ते स्थिर धरण्याचे काम ॲप करते. हात हलू नये म्हणून लहानसा स्टेडिकॅम होता. काही दृश्ये तर बेकरने सायकल चालवत, एका हाती फोन धरून टिपली.

हॉलिवूडच्या रस्त्यांवर दिवस काढणाऱ्या दोन पारलिंगी स्त्रियांची, नाताळच्या आदल्या दिवशीची ही कथा आहे. मुख्य भूमिकांतील दोघी अभिनयात नवख्या. अजस्र कॅमेरा समोर आला की नवख्याचा चेहरा आखडतो. खिशातल्या वस्तूसमोर तसे होत नाही. त्यांच्यापैकी माया टेलर हिला पुढे इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कार मिळाला. हा लाभ कोणत्याही खतावणीत मांडता येणारा नव्हे.

परंतु ‘मोबाइलवर काढलेला चित्रपट’ या कौतुकात एक नोंद हमखास सुटते. ‘टँजरिन’चा आवाज मोबाइलवर मुद्रित झालेलाच नाही, त्यासाठी व्यावसायिक ध्वनिमुद्रण सामग्री आणि जाणकार माणूस होता. चित्र थोडे खरखरीत असले तरी प्रेक्षक चालवून घेतो; संवाद ऐकू आला नाही तर तो उठून जातो. घरातील मुलगा वा मुलगी लघुपटासाठी महागडा कॅमेरा मागत असेल, तर पहिली खरेदी चांगल्या मायक्रोफोनची व्हावी. फोन बहुधा घरात असतोच. त्याची उणीव अंधारात कळते. आतील संवेदक लहान, म्हणून कमी उजेडात चित्रावर दाणे दिसू लागतात. सूर्यप्रकाशात हा प्रश्न येत नाही. कलाकारांचे मानधन, जागेचे भाडे, माणसांचे जेवणखाण, संकलन या खर्चांना मात्र फोनमुळे कात्री लागत नाही.

फोन म्हणजे स्वस्ताई, हे समीकरणही आता राहिलेले नाही. डॅनी बॉयलच्या ‘ट्वेंटी एट इयर्स लेटर’चा (२०२५) बराचसा भाग आयफोन १५ प्रो मॅक्सवर झाला, पण जोडीला मोलाची भिंगे होती आणि एका चौकटीवर वीस-वीस फोन बसवले होते. खर्च कोट्यवधी डॉलरांचा. आपल्याकडे विशाल भारद्वाज यांनी ‘फुरसत’ (२०२३) हा अर्ध्या तासाचा लघुपट आयफोन १४ प्रोवर केला. मुंबईच्या मामी या संस्थेच्या उपक्रमातून २०२५ मध्ये आलेल्या मोबाइलवरील लघुपटांत चाणक्य व्यास यांचा ‘मंग्या’ मराठीतला आहे.

आणि बेकर? पुढच्याच ‘द फ्लोरिडा प्रोजेक्ट’साठी (२०१७) अधिक भांडवल मिळताच तो ३५ मिलिमीटर फिल्मकडे वळला. अखेरचे दृश्य तेवढे डिस्नेच्या उद्यानात हवे होते, आणि तेथे परवानगीवाचून मोठा कॅमेरा नेणे अशक्य. ते त्याने आयफोनवर गुपचूप टिपले. ही शेवटची युक्ती मात्र घरच्या मुलांनी गिरवू नये.