ठकीचं झबलं

गेल्या फेब्रुवारीत आमच्या मागच्या पडवीत पंधरा-वीस दिवस बाळंतिणीची खोली थाटली होती. गोधडी, गरम पाण्याची पिशवी, औषधांचा डबा, कोपऱ्यात झाकलेला पेज-भात. फरक इतकाच, की आत बाळंतीण नव्हती. उलट तिने कधीच बाळंत होऊ नये म्हणून जिचं ऑपरेशन केलं होतं, ती आमची ठकी होती.

ठकी म्हणजे आमची कुत्री. अस्सल गावठी, रंग भाजलेल्या भाकरीसारखा, एक कान उभा नि एक पडलेला. आदल्या ऑगस्टच्या पावसात बेदाण्याच्या रिकाम्या खोक्यात घालून कुणीतरी तिला आमच्या फाटकाशी ठेवून गेलं होतं. आमचं तासगाव द्राक्ष-बेदाण्याचं, त्यामुळे इथे सगळ्या वस्तू बेदाण्याच्या खोक्यातूनच इकडून तिकडे जातात, कुत्र्याची पिल्लंसुद्धा!

ती सात महिन्यांची झाली तशी मला काळजी लागली. कुत्री सहा महिन्यांनंतर कधीही माजावर येऊ शकते, मग वर्षातून साधारण दोनदा. गाभण राहिली की दोन महिन्यांत पाच-सहा पिल्लं समोर. त्यांना द्यायचं कुणाला? पुन्हा खोक्यात घालून कुणाच्या फाटकाशी ठेवायचं? मी ऑपरेशनचा विषय काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, निदान एकदा तरी तिला आई होऊ दे. मुक्या जिवाचा तळतळाट कशाला?" ह्यांचंही मत तेच, फक्त ते वर्तमानपत्राआडून आलं.

आमच्याकडचे जनावरांचे डॉक्टर गाई-म्हशींतच इतके गुंतलेले असतात, की त्यांनीच सांगलीच्या एका डॉक्टरांकडे जायला सुचवलं. पंचवीस किलोमीटर. त्या डॉक्टरांना मी सासूबाईंचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. ते हसले नाहीत, म्हणून मला आवडले. म्हणाले, "एकदा पिल्लं झाल्याने तब्येत सुधारते ही समजूत आहे, तिला आधार नाही. उलट पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर पुढे स्तनांच्या गाठींचा धोका पुष्कळच कमी होतो. आणि उतारवयात कुत्र्यांच्या गर्भाशयात पू होतो, ते दुखणं जिवावर बेततं. गर्भाशयच काढलं की ती भीती गेली." हे ऐकून सासूबाई गप्प बसल्या. त्यांच्या सख्ख्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला होता.

मंगळवारी ऑपरेशन झालं. आदल्या रात्रीपासून तिला उपाशी ठेवायचं होतं. संध्याकाळी ती हातात आली तेव्हा मात्र माझ्या पोटात धस्स झालं. डोळे अर्धे मिटलेले, जीभ बाहेर, अंग गार. वाटेत रिक्षातच तिला नकळत लघवी झाली. भुलीचा अंमल पूर्ण उतरायला एक दिवस लागतो, त्या वेळात अंग गार पडतं, म्हणून ऊब द्यायची, पण पिशवी फडक्यात गुंडाळून, थेट अंगाला लावायची नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणखी एक शिकवलं ते मला फार उपयोगी पडलं. ओठ वर उचलून हिरडी बघायची. गुलाबी असली तर ठीक. बोटाने दाबली की पांढरी होते, सोडली की एक-दोन क्षणांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. पांढरीफटक दिसली तर आत रक्त जात असेल, रात्र-मध्यरात्र न बघता फोन करायचा. त्या रात्री मी दर दोन तासांनी उठून बॅटरीच्या उजेडात कुत्रीची हिरडी दाबत होते. लेकीची बारावीची परीक्षा तोंडावर, तिला जागवायचं नव्हतं. हे उठले, बघितलं, म्हणाले, "तू काय दात मोजतेस काय तिचे?" आणि झोपले.

बुधवारी तिने पाणी घेतलं, एकदा ओकली. गुरुवारी पाण्याशिवाय कशालाच तोंड लावेना. दूध नाही, भाकरी नाही. दुपारी मी बचत गटाच्या बैठकीहून आले तो पडवीत तुपाचा घमघमाट. ऑपरेशनला ज्यांचा विरोध होता त्या सासूबाई पाट घेऊन ठकीपुढे बसल्या होत्या आणि वाटीतला साजूक तुपातला शिरा बोटाने तिच्या ओठाला लावत होत्या. शिऱ्यात मूठभर बेदाणे.

मी इतक्या जोरात ओरडले, की वाटी त्यांच्या हातातून सुटली. लग्नाला बावीस वर्षं झाली, सासूबाईंवर मी कधी आवाज चढवला नव्हता. पण मैत्रिणींनो, हे माझ्याप्रमाणे तुमच्यापैकीही पुष्कळजणींना माहीत नसेल, म्हणून मुद्दाम सांगते. द्राक्षं, बेदाणे, मनुका कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. त्यांनी मूत्रपिंडं निकामी होतात. प्रत्येक कुत्र्याला होईल असं नाही, पण कोणत्या कुत्र्याला आणि किती दाण्यांनी होईल हे आधी कळायला मार्ग नाही. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लामुळे हे होत असावं, असा अलीकडे शास्त्रज्ञांचा कयास आहे. ज्या गावात पाहुण्याच्या हातावर आधी बेदाणे ठेवतात, त्या गावात ही गोष्ट मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळावी! नशिबाने ठकीने शिऱ्याला नुसतं चाटलं होतं, दाणा एकही पोटात गेला नव्हता. आम्ही दोघींनी गुडघ्यांवर बसून पडवीतले बेदाणे वेचले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, रात्री जेवल्याही नाहीत. मी त्यांना ताट वाढून खोलीत नेलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मला वाटलं, अंगात शक्ती येईल तिच्या."

डॉक्टरांना फोन केला. दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाही म्हटल्यावर त्यांनी ताप बघायला सांगितला. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, साधारण एकशे एक ते एकशे अडीच फॅरनहाइट. हात लावून काही कळत नाही. ठकीसाठी वेगळा थर्मामीटर आणला, त्याला लाल नेलपॉलिश लावून ठेवलं, कारण तो कुठे लावतात हे कळल्यावर घरात हाहाकार उडाला असता. ताप नव्हता. मग डॉक्टर म्हणाले, दुखण्याची गोळी खाण्याबरोबर पोटात गेली पाहिजे, मऊ भातात उकडलेलं अंडं कुस्करून कोमट करून द्या, कांदा-लसूण अजिबात नको. आमच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही. अखेर माळ्यावरचा जुना स्टो उतरवला, पडवीत अंडं उकडलं, आणि सासूबाईंनी "औषध म्हणून चालतं" असा निकाल दिला. ठकीने चार घास खाल्ले. आम्हा दोघींना सण झाल्यासारखं वाटलं.

शेजारणीही येऊन बघून जात होत्या. एकीने जखमेवर हळद दाबायला सांगितली, दुसरीने आपल्याच घरातली तापाची गोळी अर्धी करून आणली. मी दोन्ही केलं नाही. माणसाच्या तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्याला आपल्या अकलेने देऊ नयेत, आणि मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते.

एवढं सगळं कळत असूनही शेवटी घाण केली ती मीच.

टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचं मोठं नरसाळं बांधलं होतं. ते दाराला धडके, पाण्याच्या वाटीत बुडे, झोपताना आडवं येई. शनिवारी रात्री ती माझ्याकडे बघून असं काही कण्हली, की माझं मन विरघळलं. म्हटलं, चार दिवस झाले, टाके सुकलेत, तासभर मोकळी झोपू दे बापडीला. नरसाळं काढलं आणि तिच्या शेजारीच गोधडीवर आडवी झाले. डोळा लागला तो थेट पाच वाजता उघडला.

दोन टाके सुटले होते. जखम ओली, लालभडक, कडेने सुजलेली. नुसती छोटी गाठ टाक्याखाली हाताला लागली तर घाबरू नका, असं डॉक्टर म्हणाले होते, पण ओल, वास आणि लाली दिसली तर ताबडतोब कळवा. तिन्ही होतं. थर्मामीटर एकशे चारच्या जवळ. रविवार असूनही डॉक्टरांनी फोन उचलला. सांगलीच्या रस्त्यावर ठकी माझ्या मांडीवर कापडासारखी पडून होती आणि मी स्वतःला शिव्या घालत होते. दया करायची ती माझ्या मनाच्या सुखासाठी, आणि भोगायचं तिने!

पोट थराथराने शिवलेलं असतं, वरची फक्त कातडी. आतले थर शाबूत होते म्हणून निभावलं. ते सुटले असते तर आतडी बाहेर यायची वेळ. डॉक्टरांनी जागा बधिर करून जखम धुतली, दोन टाके नव्याने घातले, सात दिवसांचं औषध दिलं. रागावले नाहीत. म्हणाले, "ऑपरेशन अर्ध्या तासाचं असतं हो, पुढचे दिवस घरच्यांचे."

नरसाळ्याला काही पर्याय आहे का, असं विचारलं तर म्हणाले, दिवसा अंगडं चालेल, पण ओलं राहता कामा नये आणि रोज दोनदा सोडवून टाके बघायचे. रात्री नरसाळंच. मग सासूबाईंनी आपलं विरलेलं सुती लुगडं काढलं. मानेपासून शेपटीच्या मुळापर्यंत माप घेतलं, पायांना चार भोकं पाडली, पाठीवर तीन ठिकाणी बंद लावले, मागची बाजू आखूड ठेवली म्हणजे लघवीने भिजत नाही. कच नको, शिवण बाहेरच्या बाजूला, नाहीतर टाक्यांना घासते. नातवंडांची झबली शिवलेला हात, तासाभरात दोन तयार झाली. एक अंगावर, एक दोरीवर.

बुधवारी सकाळी मी ठकीला झबलं घालत होते. धुण्याभांड्याला येणाऱ्या आक्का दाराशी उभ्या राहून बघत होत्या. बघता बघता म्हणाल्या, "वैनी, माझ्या आपरेशनला एवढं कोन फिरकलं बी न्हवतं."

मी वर बघितलं. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, नवल होतं.

"विरळनी चालली हुती द्राक्षाची. चौथ्या दिशी मालक म्हनलं, बसून काय करतीस, बागंत चल. वर हात करून काम, पोटात वड बसायची. मी पदर आवळून बांधायची. ह्येच की तुमचं झबलं."

मी बंद बांधायचं सोडून तशीच बसले. बचत गटाच्या निमित्ताने मी किती बायकांना कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनला नेलंय! "काही नाही गं, दोन टाके, घाबरू नकोस," असं हसत हसत सांगितलंय. दुसऱ्या दिवशी रिक्षात बसवून दिलं की माझ्या वहीत त्या बाईपुढे बरोबरची खूण. तिथे नर्सबाई सांगत, जड उचलू नको, पण ते बाईला सांगत. घरी जिच्या हुकमाने किंवा ज्याच्या हुकमाने हंडा उचलावा लागतो, त्यांना कुणी सांगितलं? मी तरी सांगितलं का? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींनी नसबंदी करून घेतलेली होती. नवऱ्याने करून घेतल्याचं प्रमाण होतं ०.३ टक्का. हा आकडा मी बैठकांतून वाचून दाखवत आले. त्यातल्या चौथ्या दिवसाचा विचार मात्र आक्कांनी माझ्या पडवीत उभं राहून करायला लावला.

मार्चमध्ये गटातल्या एका मुलीला घेऊन गेले तेव्हा तिच्या सासूला आणि नवऱ्याला बरोबर यायला लावलं. वहीत खूण करण्याआधी दोघांना समोर बसवून दिवस मोजून सांगितले. नवरा म्हणाला, "मग पाणी कोण भरणार?" मी म्हटलं, "तुम्ही." तो हसला. भरलं की नाही, ते बघायला मी तिसऱ्या आणि सातव्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी सासू भरत होती. सातव्या दिवशी मुलगीच.

ठकीचे टाके बरोबर तेराव्या दिवशी निघाले, नव्या टाक्यांपासून मोजून. आता ती चिंचेच्या झाडापर्यंत पळते, पोटावरची रेघ केसांत दिसतसुद्धा नाही. बेदाण्याचा डबा आमच्याकडे वरच्या फळीवर गेला आहे.

झबली धुऊन ठेवली होती. परवा आक्कांनी ती मागितली. त्यांच्या गल्लीतल्या कुत्रीला तिसऱ्यांदा पिल्लं झाली, त्यांतली तीन टेम्पोखाली गेली. उरलेली सुटी झाली, की तिचं ऑपरेशन करू या, म्हणाल्या. सांगलीच्या डॉक्टरांशी बोलले आहे. पिल्लांचं दूध तुटू द्या, मग आणा, म्हणाले. रस्त्यावरच्या कुत्रीला ऑपरेशननंतर तिच्याच जागी सोडायचं असतं, तसा नियमही आहे, पण टाके सुकेपर्यंत तिला ठेवायचं कुठे, हा माझा प्रश्न होता. आमच्या पडवीत ठकी तिला येऊ देणार नाही.

"माझ्याकडं ठेवती की," आक्का म्हणाल्या, "न्हानीच्या कडंला जागा हाय. चौथ्या दिशी कुटं वडतंय, मला ठावं हाय." आणि झबलं हातात धरून मापाचा अंदाज घेऊ लागल्या. ती कुत्री ठकीपेक्षा अंगाने मोठी आहे, बंद लांब करावे लागतील.