कातळावरचं शेवाळ आणि तापता समुद्र

पालघर जिल्ह्यात तारापूरहून उत्तरेला चिंचणी, वरोर, वाढवण ही गावं लागतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी लागली की इथलं पाणी दूरवर हटतं आणि लांबच लांब कातळ उघडा पडतो. कालवं फोडायला बायका उतरतात त्या याच कातळावर. खळग्यांत साचलेल्या पाण्यात हिरवंगार उल्वा शेवाळ डोलत असतं. त्याचं पातं जेमतेम दोन पेशींच्या जाडीचं. उजेडापुढे धरलं तर आरपार दिसतं. त्याच्या आडोशाला खेकड्यांची पिल्लं, गोगलगायी, बोटाच्या पेराएवढे मासे.

मालवणला पाणी नितळ, म्हणून सरगॅसमची शेवाळराई पाण्याखालीही वाढते. पालघरच्या समुद्रात गाळ फार, उजेड खाली पोचतच नाही. त्यामुळे इथलं शेवाळ मुख्यतः भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या कातळाला धरून असतं. पावसाळ्यानंतर ते फोफावतं, उन्हाळ्यात करपतं. पाणी तापलं तर खोल, गार पाण्यात सरकायची सोय त्याला नाही.

आणि पाणी तापतंच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या २०२४ च्या अभ्यासानुसार १९५० ते २०२० या काळात हिंदी महासागर दर दशकाला ०.१२ अंशांनी तापला. वर्षाला सरासरी २० दिवस असणाऱ्या समुद्री उष्णतेच्या लाटा शतकाअखेरीस २२० ते २५० दिवसांवर जातील, असा त्यांचा अंदाज आहे. उन्हाळ्याची काहिली शेवाळाला नवी नाही. पण मोठं शेवाळ जिथे तग धरतं, तिथे त्याचे कोवळे अंकुर मरतात. मग पुढच्या हंगामात कातळ रिकामा राहतो. २०११ च्या लाटेनंतर पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर केल्प शेवाळाची जंगलं सुमारे १०० किलोमीटर पट्ट्यातून नाहीशी झाली.

इथे त्यात स्थानिक भर पडते. तारापूर अणुवीज केंद्र १९६९ पासून समुद्राचं पाणी थंडाव्यासाठी घेतं आणि कोमट करून परत सोडतं. त्याचा परिणाम सोडण्याच्या जागेभोवतीच असतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याचं दुखणं मोठं आहे. ते अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेलं. अशा पाण्यात उल्वासारखी काटक जात टिकते, नाजूक जाती मागे पडतात. कातळ लांबून हिरवा दिसतो, पण त्यावरची विविधता गेलेली असते.

रिकाम्या जागेवर उपरे येतात, बहुधा जहाजांबरोबर: तळाला चिकटून किंवा तोल सांभाळायला भरलेल्या पाण्यातून. मध्य अमेरिकेकडचा मायटिलॉप्सिस हा चिमुकला शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणमला आढळला, पुढे मुंबईच्या गोदीतही. तो कातळावर, लाकडावर थरावर थर रचतो. शेवाळाचा बीजाणू रुजायला जागाच उरत नाही. काही उपरे आपणच आणतो. फिलिपिन्सकडचं कॅपाफायकस शेवाळ आपण शेतीसाठी आणलं. २००८ मध्ये ते मन्नारच्या आखातात कुरुसडै बेटाच्या प्रवाळांवर पसरल्याचं नोंदलं गेलं. शेवाळशेतीतून किनाऱ्यावरच्या बायकांना पैसा मिळतो, तो मिळावाच. पण कोकणात आधी इथल्याच जाती लावून पाहाव्यात, असं मला ठामपणे वाटतं.

आता जहाजं याच किनाऱ्यावर येणार आहेत: वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. सुमारे १,४४८ हेक्टर भराव, वर्षाला २.३२ कोटी कंटेनरची क्षमता. जहाजांच्या तोलाच्या पाण्याबाबतचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ पासून लागू आहे; तरी एक चूकही महाग पडते. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला हाच मायटिलॉप्सिस सापडला. तिथल्या तीन गोद्या बंद करता येत होत्या. क्लोरीन आणि मोरचूद ओतून, आतली बाकीची जीवसृष्टीही मारून, तो संपवला. वाढवणच्या उघड्या समुद्रात, ५ मीटरच्या आसपासच्या भरती-ओहोटीत, हा उपाय चालणार नाही.

म्हणून पहिलं जहाज लागण्याआधी या कातळावर काय काय आहे, याची मोजदाद व्हायला हवी: ठरलेल्या जागी, ऑक्टोबर ते मे, दर उधाणाला, वर्षानुवर्षं. त्यात कालवं काढणाऱ्या बायकांना मानधन देऊन घ्यावं. अनोळखी शिंपला पहिल्यांदा त्यांच्याच हाती लागणार. आणि नोंदी मराठीत, प्रत्येक ग्रामपंचायतीत लावलेल्या असाव्यात.