सापाचा जंत माणसाच्या मेंदूत

साप म्हटला की आपल्याला आठवते ते विष. पण बिनविषारी अजगराच्या पोटातले जंतही क्वचित माणसाला आजारी पाडतात. ते कसे, हे आपण शेतकऱ्यांनी समजून घेतले पाहिजे.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात ६४ वर्षांच्या एका बाईंना २०२१ च्या आरंभी पोटदुखी व जुलाब सुरू झाले. मागाहून कोरडा खोकला लागला, रात्री घाम येऊ लागला. २०२२ साली विसराळूपणा वाढला आणि मन खिन्न राहू लागले. जून २०२२ मध्ये कॅनबेरा येथील इस्पितळात डॉ. हरिप्रिया बंदी यांनी त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. तेव्हा चिमट्यात आला तो सुमारे ८ सेंटिमीटर लांबीचा जिवंत, वळवळणारा जंत! माणसात हा जंत सापडल्याची जगातील ही पहिलीच नोंद होय.

हा जंत तिकडच्या कार्पेट जातीच्या अजगराचा. तो अजगराच्या अन्ननलिकेत व जठरात राहतो. त्याची अंडी विष्ठेवाटे गवतावर पडतात. लहान प्राणी ती चाऱ्याबरोबर खातात, त्यांच्या अंगात अळ्या वाढतात आणि अशा प्राण्याला अजगराने गिळले की चक्र पुरे होते. त्या बाईंनी सापाला हात लावला नव्हता. घराजवळच्या तळ्याकाठची रानभाजी मात्र त्या खुडून आणीत. त्या भाजीवरून किंवा हाताला लागून अंडी पोटात गेली असावीत, असा डॉक्टरांचा कयास आहे. हा जंत माणसाकडून माणसाला लागत नाही.

आपल्याकडे हा अजगर नाही, म्हणून निर्धास्त राहावे काय? नाही. पोटातले साधे जंत आणि डुकराच्या पट्टकृमीची अंडी याच वाटेने येतात. पट्टकृमीच्या अळ्या मेंदूत बसल्या की फिट्स येतात. ही अंडी पडतात ती माणसाच्या विष्ठेतून.

म्हणून आपण एवढे पाळू या:

माठ, मेथी, टाकळा, कोथिंबीर, कोणतीही पालेभाजी पान न् पान सुटे करून भरपूर स्वच्छ पाण्यात तीनचार वेळा धुवावी. रानातली भाजी कच्ची न खाता चांगली शिजवावी. भाजी चिरल्यावर विळी, ताट व हात साबणाने धुवावेत. भाजीच्या वाफ्यात कच्चे सोनखत घालू नये व शेतात शौचास बसू नये.

आणि सापाला उगाच मारू नये. तो शेतातले उंदीर खातो. आपले रक्षण काठीने होणार नाही, ते होईल धुतलेल्या हातांनी.