चिकटण्याचे गणित

दिव्याभोवती जमलेले किडे टिपण्यासाठी भिंतीवरून सरसर धावणारी पाल सर्वांच्याच परिचयाची आहे. ती छताला उलटी लटकते, तरी खाली पडत नाही. तिच्या पावलांना डिंक लावलेला नसतो. मग ती चिकटून राहते तरी कशी?

या प्रश्नाचे मूळ पदार्थांच्या अणुरेणूंत आहे. कोणत्याही दोन पदार्थांचे रेणू परस्परांना आकर्षून घेतात. या आकर्षणाचा पल्ला मात्र फार तोकडा असतो. मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागांपलीकडे ते जवळजवळ नाहीसे होते. येथे एक कोडे उभे राहते. आकर्षण जर सर्वत्र आहे, तर मेजावर ठेवलेली पाटी मेजाला चिकटून का बसत नाही?

अगदी गुळगुळीत वाटणारा पृष्ठभागही पुरेसा मोठा करून पाहिला, तर डोंगरदऱ्यांच्या मुलखासारखा दिसतो. दोन कठीण वस्तू एकमेकींवर ठेवल्या, की केवळ त्यांची शिखरे टेकतात. बाकीचा भाग दूरच राहतो. रबरासारखा मऊ व स्थितिस्थापक पदार्थ मात्र दबून दऱ्यांत शिरतो, म्हणून तो अधिक चिकटतो. पण दबलेले रबर पूर्ववत होण्याचीही धडपड करते. आकर्षण जोडू पाहते, तर स्थितिस्थापकता सोडवू पाहते. या ओढाताणीत जय कोणाचा, हे गणिताने ठरवावयाचे असते.

१८८२ साली हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने, दोन गोल वस्तू एकमेकींवर दाबल्या असता त्या किती जागेत टेकतात, याचे सूत्र प्रसिद्ध केले. त्यात आकर्षणाचा विचार नव्हता. कठीण गोळ्यांना ते चांगले लागू पडे. परंतु रबराचे गुळगुळीत गोळे हलकेच टेकविले, तर स्पर्शाची जागा सूत्राने सांगितल्यापेक्षा मोठी भरे. भार काढून घेतला तरी गोळे चिकटूनच राहत. १९७१ साली इंग्लंडमधील जॉन्सन, केंडल व रॉबर्ट्स यांनी हर्ट्झच्या सूत्रात आकर्षणाची भर घातली आणि हिशेब जुळला.

तथापि खरा पृष्ठभाग ओबडधोबड असतो. तेथे संगणकाची मदत घेतात. पृष्ठभागाचे लक्षावधी चिमुकले चौकोन कल्पून, प्रत्येक चौकोनातील अंतर, आकर्षण व दाब यांचा हिशेब तो करतो. एक चौकोन दबला, की शेजारचेही किंचित खचतात. म्हणून तोच हिशेब पुनःपुन्हा करावा लागतो. सर्व बलांचा तोल साधला, म्हणजे उत्तर हाती येते.

पण ते उत्तर बरोबर कशावरून? २०१५ साली जर्मनीतील मार्टिन म्यूझर यांनी असाच एक ओबडधोबड पृष्ठभाग निश्चित करून, तो प्रश्न म्हणून जगातील संशोधकांपुढे ठेवला. अनेकांनी तो निरनिराळ्या रीतींनी सोडविला. काहींनी तर तोच पृष्ठभाग हजारपट मोठा घडवून, त्यावर मऊ पदार्थ दाबून प्रत्यक्ष मोजमाप केले. २०१७ साली ही सर्व उत्तरे ताडून प्रसिद्ध झाली, तेव्हा कोणती रीत विश्वासाची व कोणती तोकडी, हे उघड झाले. गणित कितीही मोठे असो, पडताळ्यावाचून त्याला मोल नाही.

आता पालीकडे वळू या. आशियातील टोकाय नावाच्या मोठ्या पालीच्या एकेका पावलावर सुमारे पाच लाख सूक्ष्म केस असतात आणि प्रत्येक केसाला शेकडो फाटे फुटलेले असतात. केसाचे द्रव्य रबराइतके मऊ नसते. परंतु ते इतके बारीक विभागलेले असते, की सहज वाकून भिंतीच्या दऱ्याखोऱ्यांपर्यंत पोचते. हे चिकटणे रेणूंच्या आकर्षणानेच घडते, असे २००२ साली अमेरिकेतील केलर ऑटम व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. पाऊल उचलताना पाल केसांचा कोन बदलते व ते अलगद सुटतात. घट्ट धरावे आणि हवे तेव्हा सहज सोडावे, ही किमया मानवाला साधावी, यासाठीच हे सारे गणित चालले आहे.