एका जिल्ह्याचे दोन नकाशे

नकाशात जिल्ह्याची हद्द एकच दिसते. पण तिच्या आत कारभार दोन चालतात, आणि त्यांच्या वाटण्या वेगवेगळ्या असतात. आज आपण पालघर जिल्ह्याच्या उदाहरणावरून हे समजून घेऊ.

पहिला कारभार महसुलाचा. राज्य, विभाग, जिल्हा, उपविभाग, तालुका, मंडळ, सजा आणि शेवटी गाव अशी ही उतरंड. जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार, तलाठी ही सगळी सरकारने नेमलेली माणसं. सातबारा, फेरफार, दाखले ही कामं त्यांच्याकडे. इथे शहर की खेडं असा भेद नाही. तालुक्यातली सगळी जमीन तहसीलदाराच्या हद्दीत.

दुसरा कारभार स्थानिक स्वराज्य संस्थांचा, म्हणजे आपण निवडून दिलेल्यांचा. इथे मात्र शहर आणि खेडं वेगळं होतं. खेड्यासाठी ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. शहरासाठी नगरपंचायत, नगरपरिषद किंवा महानगरपालिका. 1992 च्या 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीने या दोन्ही बाजूंना संविधानात जागा मिळाली.

आता पालघरकडे येऊ. 2011 च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, 1 कोटी 10 लाखांवर. मोखाड्याच्या माणसाला कलेक्टर कचेरीसाठी थेट ठाणे गाठावं लागे. 1 ऑगस्ट 2014 रोजी 8 तालुके वेगळे काढून पालघर जिल्हा झाला. ही झाली महसुली वाटणी.

त्याच जिल्ह्याचा दुसरा नकाशा बघा. पालघर, डहाणू आणि जव्हारला नगरपरिषदा. वाडा, विक्रमगड, मोखाडा, तलासरीला नगरपंचायती. आणि वसईत वसई-विरार महानगरपालिका. म्हणजे वसई तालुका एक, तहसीलदार एक. पण शहरातला मतदार नगरसेवक निवडतो, जिल्हा परिषदेला त्याचं मत नाही. उरलेल्या गावांतला माणूस मात्र ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशा तिघांनाही मत देतो.

मग गाव शहरात गेलं तर काय बदलतं? सातबारा तसाच राहतो, तहसीलदारही तोच. पण सरपंच जातो आणि ग्रामसभा जाते. ग्रामसभेत गावचा प्रत्येक मतदार उठून हिशेब विचारू शकतो. शहरात असं सर्वांना बोलावणारं व्यासपीठ नाही. तिथे आपल्या वतीने नगरसेवक बोलतो. बदल्यात मोठं अंदाजपत्रक आणि पाणी-गटारांच्या मोठ्या योजनांची शक्यता मिळते.

हा सौदा सगळ्यांना पटतोच असं नाही. 2009 मध्ये चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका झाली, तेव्हा काही गावांनी ‘आम्हाला वगळा’ म्हणून आंदोलन केलं. तो वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालला. एकदा रेषा ओढली गेली की ती पुसणं किती अवघड, हे त्यातून दिसतं.

म्हणून वेळ ओळखायला हवी. गावाचा दर्जा बदलण्याआधी सरकार मसुदा अधिसूचना काढतं आणि हरकती-सूचनांसाठी मुदत देतं. आपलं म्हणणं लेखी द्यायची वेळ तीच. तेव्हा विचारायचे प्रश्न साधे आहेत: कर किती वाढेल, पाणी कधी येईल, शेतजमिनीवर कोणतं आरक्षण पडेल, आणि ग्रामसभा गेल्यावर हिशेब कोणाला विचारायचा?