सात इंच पुढे, चार इंच मागे

‘अमेरिकन हिस्टॉरिक रेसिंग मोटरसायकल असोसिएशन’ ही संस्था अमेरिकेत जुन्या मोटरसायकलींच्या शर्यती भरवते. तिच्या मोटोक्रॉसच्या, म्हणजे खडबडीत मातीच्या वाटेवरच्या शर्यतीच्या, ‘व्हिंटेज’ गटात गाडी उतरवायची, तर एक मोजमाप चुकत नाही. पुढचं चाक ७ इंचांहून आणि मागचं ४ इंचांहून जास्त वर-खाली होता कामा नये. आजच्या मोटोक्रॉस गाडीची चाकं सुमारे १२ इंच हलतात. जुन्या गाडीवरच्या स्वाराला मधला फरक स्वतःच्या गुडघ्यांनी आणि मनगटांनी भरून काढावा लागतो.

हा आकडा इतिहासातून आला आहे. १९६०च्या दशकात मोटोक्रॉस हा प्रामुख्याने युरोपचा खेळ होता. ब्रिटनच्या जेफ स्मिथने बीएसएच्या फोर-स्ट्रोक गाडीवर १९६४ आणि १९६५ साली ५०० सीसीचं विश्वविजेतेपद मिळवलं. पण तोवर २५० सीसीच्या गटात हलक्या टू-स्ट्रोक गाड्यांनी जम बसवला होता. स्वीडनच्या टॉर्स्टन हॉलमनने हस्कवर्नावर चार विजेतेपदं मिळवली, तर बेल्जियमचा जोएल रोबेर १९६४ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेडवर जिंकला. १९६६ मध्ये पूर्व जर्मनीच्या पाउल फ्रीडरिक्सने ५०० सीसीचं विजेतेपदही सीझेडच्या टू-स्ट्रोकवर मिळवलं आणि फोर-स्ट्रोकचा शेवटचा गड पडला. त्याच वर्षी एडिसन डाय या व्यावसायिकाने हॉलमनला अमेरिकेत आणलं. त्याला पळताना पाहून तिथले स्वार थक्क झाले. १९७१ साली आलेल्या ‘ऑन एनी संडे’ या माहितीपटाने हे वेड सामान्य घरांपर्यंत नेलं.

मग १९७३ साल आलं. ल्युसियँ टिल्केन्स या बेल्जियन अभियंत्याची एक कल्पना यामाहाने उचलली होती. मागच्या दोन शॉक अॅब्सॉर्बरऐवजी टाकीखाली एकच आडवा शॉक बसवायचा, म्हणजे चाकाला हलायला जास्त जागा मिळते. त्या गाडीवर हाकान अँडरसन २५० सीसीचा विश्वविजेता झाला आणि बाकीचे कारखाने खडबडून जागे झाले. कुणी शॉक पुढे सरकवले, कुणी तिरके केले. दोन-तीन हंगामांतच मागच्या चाकाची हालचाल दुपटीहून जास्त झाली. कालपर्यंत जिंकणारी गाडी आज कुणी फुकट नेईना. अशा हजारो गाड्या शेडच्या कोपऱ्यात गेल्या. जुन्या गाड्यांच्या शर्यतींसाठी संस्था उभ्या राहिल्या, तेव्हा ‘व्हिंटेज’ची रेघ १९७४च्या आसपास ओढली गेली, ती याच उलथापालथीमुळे.

आपल्याकडे ज्यांच्या घरी जावा होती, त्यांना या गाड्यांची जातकुळी चटकन ओळखू येईल. जावा आणि सीझेड या चेकोस्लोव्हाकियातल्या जोडीच्या कंपन्या. १९६१ पासून म्हैसूरला ‘आयडियल जावा’च्या कारखान्यात जी २५० सीसीची गाडी बनू लागली, तिला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. रोबेरच्या सीझेडलाही एका सिलिंडरमधून दोन नळ्या निघत. पुण्या-मुंबईच्या जुन्या मिस्त्रींनी जावा-येझदीवर जी कामं हातात बसवली, जवळपास तीच कामं व्हिंटेज मोटोक्रॉसची गाडी जिवंत ठेवायला लागतात.

त्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम डोळ्याला दिसतच नाही. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल, तेल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि तिथून सिलिंडरमध्ये ढकललं जातं. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ते कडक होतात आणि फटीतून जादा हवा आत शिरते. मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि ऐन शर्यतीत इंजिन सीझ होतं. जाणकार म्हणूनच गाडी हाती आली की आधी किक मारत नाहीत. इंजिनाची सगळी तोंडं बंद करून आत थोडा हवेचा दाब भरतात आणि दाबमापकाचा काटा उतरतो का ते पाहतात. उतरला, तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठून येतात ते शोधतात. मग क्रँक प्रेसवर उघडायचा, नवा कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंग घालायचं आणि पुन्हा जोडताना तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत सरळ आणायचा. हे काम नेटकं करणारा माणूस मिळणं ही या छंदातली खरी श्रीमंती आहे.

सुटे भाग मागायला अनेक गाड्यांचा मूळ कारखाना उरलेला नाही. बीएसए १९७०च्या दशकात कोसळली. स्पेनची बुल्टाको आणि जर्मनीची मायको १९८०च्या दशकात. त्यामुळे छोटे कारागीर पिस्टन, केबल, रबरी भाग नव्याने घडवतात. इंधनाचा त्रास वेगळाच. बुल्टाकोच्या फायबरग्लासच्या टाक्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने मऊ पडतात, त्यांचा चिकट थर कार्बोरेटरमध्ये उतरतो आणि जेट बुजतो. काही जण टाकीला आतून लेप देतात, काही सरळ अॅल्युमिनियमची टाकी करून घेतात. आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून आरएक्स १०० आणि येझदी सांभाळणाऱ्यांनाही रबरी नळ्या आणि सीलची अशीच काळजी लागली आहे.

एवढं करून गाडी शर्यतीत का घालायची? काचेमागे का ठेवू नये? उत्तर सीलमध्येच आहे. उभी गाडी आतून वाळते. पळणारी गाडी वरचेवर उघडली जाते, तपासली जाते आणि ती उघडणारे हात तयार राहतात. व्हिंटेज शर्यतींच्या वाटाही गाडीला झेपतील अशाच असतात. नैसर्गिक चढ-उतार, वळणं, चिखल; स्टेडियममधल्या उत्तुंग उड्या नाहीत. ड्रम ब्रेक पाण्यात भिजले की पकड सोडतात, म्हणून वळण फार आधी ओळखावं लागतं. इथे जोरापेक्षा नजर कामाला येते. वयानुसारही गट असतात आणि साठी ओलांडलेले स्वार त्यांत हिरिरीने उतरतात. बीएसएवर विश्वविजेता झालेला जेफ स्मिथ पुढे अमेरिकेत स्थायिक झाला आणि सुरुवातीला सांगितलेल्या अमेरिकन संस्थेचा कारभार त्याने सांभाळला.

वाद आहेत, आणि ते असायलाच हवेत. स्कॉटलंडमधल्या किनलॉकलेव्हनला १९८४ पासून १९६५ पूर्वीच्या धाटणीच्या गाड्यांची ‘ट्रायल’ होते. तोल सांभाळत, पाय न टेकता खडकांवरून जाण्याची ही स्पर्धा. तिथे जुन्या रूपाखाली किती नवे भाग चालवून घ्यायचे, यावर वर्षानुवर्षं खडाजंगी झाली आहे. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणं समजण्यासारखं आहे. ठिणगी वेळेवर पडली तर इंजिन वाचतं. पण फ्रेमचा कोन आणि चाकाची हालचाल बदलली की गाडीचा स्वभावच बदलतो, आणि तो जपण्यासाठीच तर ही सारी खटपट.

दरम्यान, १९७४ची रेघ ओलांडणाऱ्या गाड्याही म्हाताऱ्या झाल्या. त्यांच्यासाठी ‘पोस्ट-व्हिंटेज’ गट निघाले आहेत. ज्या लांब हालचालीच्या गाड्यांनी जुन्यांना शेडमध्ये धाडलं, त्यांचेच मालक आता दुर्मीळ झालेले प्लॅस्टिकचे मडगार्ड आणि जुन्या शॉकचे सील शोधत फिरतात.